उणे एक

कोपरीत वीस वर्षं भिशी सांभाळणाऱ्या, एकही हप्ता न चुकवणाऱ्या बाईंची पत गल्लीत पक्की असते. बँकेच्या संगणकावर मात्र त्यांच्या नावापुढे 'उणे १' दिसू शकतं. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या संस्थेचा गुणांक ३०० ते ९००; पण ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही, त्याला शून्यही नाही, थेट उणे. हा वाईट शेरा नव्हे, कोरी पाटी आहे. भिशीची वही किंवा दुकानातली उधारी या नोंदीत येत नाही, पगाराचं बचत खातंही नाही. तिथे फक्त कर्ज आणि त्याची परतफेड मोजतात. उधळ्यांपेक्षा काटकसरी माणूसच इथे अनोळखी ठरतो, हे मला विचित्रच वाटतं.

ही पाटी भरायला सुरुवातीचा सोपा मार्ग म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड. बँकेला ठेवीचं तारण असल्यानं जुना इतिहास सहसा लागत नाही. किराणा, वीजबिल एवढंच त्यावर घ्यावं, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं आणि पूर्ण बिल मुदतीत भरावं. 'किमान रक्कम' भरली की उरलेल्यावर जबर व्याज चढतं. साधारण सहा महिन्यांत गुणांक उमटतो. एकाच वेळी चार बँकांत अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

भारतात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार संस्था आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात आपलं नसलेलं कर्ज दिसलं, तर लगेच तक्रार नोंदवा.