दहा टक्के की सात? चक्रवाढ व्याजाचे घरगुती फंक्शन

मंडळातल्या एका वहिनींनी आमच्यापुढे एक छापील कागद ठेवला. 5 लाख गुंतवा, 10 वर्षांनी 10 लाख घ्या. पाचावर पाच वाढले, म्हणजे वर्षाला 10 टक्के! केळीच्या उत्पन्नातून साठवलेली, 7 टक्क्यांची बँकेतली मुदत ठेव त्यासाठी मोडावी का, हा त्यांचा प्रश्न.

जन्मभर बँकेत व्याज मोजलेले आम्ही, पण तोंडी उत्तर देण्याचे धाडस केले नाही. घरी येऊन गूगल शीट्स उघडले. त्यात एफव्ही नावाचे तयार फंक्शन आहे, पण त्यात गुंतवलेली रक्कम उणे चिन्हाने लिहावी लागते आणि दर तिमाहीला भागून द्यावा लागतो. घरातली मंडळी इथेच चुकतात. म्हणून आम्ही स्वतःचे फंक्शन लिहिले.

हे काम संगणकावरच करावे, फोनच्या ॲपमध्ये तो मेनू दिसत नाही. एक्स्टेन्शन्समध्ये ॲप्स स्क्रिप्ट उघडा. पहिल्या ओळीत 'फंक्शन' हा शब्द, पुढे 'चक्रवाढ' हे नाव आणि कंसात मुद्दल, दर, वर्षे, वेळा (सगळे इंग्रजी अक्षरांत). मग महिरपी कंस उघडून 'रिटर्न' लिहा आणि पुढे: मुद्दल गुणिले मॅथ डॉट पॉव, त्याच्या कंसात 1 अधिक दर भागिले वेळा, स्वल्पविराम, वर्षे गुणिले वेळा. महिरपी कंस बंद करून सेव्ह करा. मॅथमधला एम मोठाच हवा. आमची पहिली संध्याकाळ त्या एका अक्षरात गेली.

'वेळा' म्हणजे वर्षातून किती वेळा व्याज मुद्दलात मिळते. आपल्याकडे बँकांच्या मुदत ठेवींत ते साधारणतः तिमाहीला मिळते, म्हणून 4. राष्ट्रीय बचत पत्रात वर्षाला, म्हणून 1. दर 7% असाच लिहावा. नुसता 7 लिहिला तर फंक्शन तो 700 टक्के समजते आणि अंबानींनाही लाजवील असा आकडा येतो.

आता पत्रकाच्या चौकोनात बरोबरच्या चिन्हापुढे चक्रवाढ(500000, 7%, 10, 4) लिहिले. उत्तर आले 10,00,799 रुपये. म्हणजे वहिनींची ठेव त्याच दराने 10 वर्षे राहिली, तर कागदावरच्या योजनेपेक्षा 799 रुपये जास्तच देते!

उलटा हिशेबही केला. मिळणारी रक्कम भागिले गुंतवलेली, त्याचा 1 भागिले वर्षे इतका घात, वजा 1. कागदावरचे 'दहा टक्के' निघाले 7.18. शिवाय ठेव मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका व्याजदरात कपात करतात, तो तोटा वेगळाच. व्याजावरचा कर आम्ही यात धरलेला नाही, तो ज्याचा त्याने पाहावा.

वहिनींनी ठेव मोडली नाही. आता त्यांच्या मुलाला विमा पॉलिसीचा हिशेब हवा आहे. तिथे हप्ते वेगवेगळ्या तारखांना भरलेले असतात, त्यामुळे हे फंक्शन चालणार नाही. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा (भरलेल्या उणे, मिळालेल्या अधिक) लिहून शीटमधलेच एक्सआयआरआर वापरावे. आणि एक: पत्रकाची प्रत काढली तर आपले फंक्शन सोबत जाते, नव्या कोऱ्या पत्रकात मात्र ते पुन्हा लिहावे लागते.