वर्गांच्या मधली जागा



विद्यापीठाची नवी इमारत बांधायची म्हटले की पहिला हिशेब खोल्यांचा होतो. विद्यार्थी किती, वर्ग किती, बाके किती? हा हिशेब हवाच. पण तेवढ्याने इमारत उभी राहते, विद्यापीठ उभे राहत नाही. ते कसे, हे डेल्फ्टच्या उदाहरणावरून पाहू.

डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकला विभागाची १३ मजली इमारत होती. १३ मे २००८ रोजी सकाळी तेथील कॉफीच्या यंत्रापाशी पाणी गळून शॉर्टसर्किट झाले आणि आग लागली. माणसे सर्व सुखरूप बाहेर पडली. पण त्याच दिवशी इमारतीचा मोठा भाग कोसळला. विद्यार्थ्यांनी खपून केलेल्या प्रतिकृती आणि आराखडे जळाले. इमारत गेली, तरी विभाग थांबला नाही. आवारात मोठे तंबू ठोकून शिकवणे चालू ठेवले गेले.

मग विद्यापीठाची जुनी विटांची मुख्य इमारत या विभागासाठी दुरुस्त करायला घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लोक तेथे येऊ लागले. वास्तुकारांनी काय केले पाहा. इमारतीतल्या लांबलचक मार्गिकेला त्यांनी रस्त्यासारखे रूप दिले. ग्रंथालय, कॉफीची जागा अशा सर्वांच्या गरजेच्या गोष्टी या रस्त्याच्या कडेला आल्या. दोन मोकळ्या अंगणांवर काचेचे छत घातले. एकात प्रतिकृती बनवण्याची जागा झाली, तर दुसऱ्यात नारिंगी रंगाचा भलामोठा पायऱ्यांचा मंच. त्यावर बसून व्याख्यान ऐकता येते, नाहीतर नुसत्या गप्पाही मारता येतात.

याचे कारण सोपे आहे. वर्गात ठरलेला विषय ठरलेल्या वेळी शिकवला जातो. शंका मात्र बहुधा दाराबाहेर पडल्यावर सुचते! ती विचारायला माणूस भेटला पाहिजे आणि थांबायला जागा पाहिजे. लिफ्टमधून थेट आपल्या मजल्यावर गेलो, तर दुसऱ्या विषयाचा माणूस भेटणार कधी?

थोडे गणित करू. माणसाच्या खांद्यांची रुंदी साधारण अर्धा मीटर असते. दोघे बोलत उभे आहेत आणि दोघे शेजारून जात आहेत, म्हणजे झाले दोन मीटर. हात हलवायला आणि दप्तराला थोडी मोकळीक धरली, तर तीन मीटर तरी हवेत. दीड मीटरच्या बोळातून माणसे फक्त जातात. तीन मीटरच्या मार्गिकेत ती थांबतात. भिंतीलगत बाक आणि खिडकीतून उजेड असेल, तर बसतातही. पण हा गलबला वर्गात शिरू नये म्हणून दारे आणि भिंती चांगल्या जाड लागतात. दोन्ही एकदम साधणे हीच खरी कसोटी.

डेल्फ्टमध्येच २०२२ साली सुरू झालेली एको ही नवी इमारत कोणा एका विभागाची नाही. मोठी व्याख्यानगृहे आणि एकट्याने किंवा गटाने अभ्यास करायच्या जागा तेथे एकाच छताखाली आहेत. छतावर सौर पट्ट्या आहेत आणि वापरापेक्षा जास्त वीज निर्माण व्हावी, अशी तिची आखणी केली आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. वाड्याचा चौक, घराची ओसरी आणि गावातला वडाचा पार हेच काम करीत आले.

आपल्या मराठी वर्गालाही हे लागू पडते. बाराखडी वर्गात शिकता येते. पण मुले आपापसात मराठीत बोलू लागतात ती मधल्या सुट्टीत, डबा खाताना. वर्ग सुटताच सर्वांना कोट चढवून बाहेर पडावे लागले, तर तेवढे मराठी बुडते. म्हणून आम्हा पालकांचे म्हणणे असे की, वर्गासाठी जागा पाहताना खोल्यांबरोबर बाहेरची मार्गिकाही पाहावी. जमल्यास अर्धा तास जास्त भाड्याने घ्यावा.

मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ: आपल्या शाळेची मार्गिका पावलांनी मोजा. सुट्टीत मुले नेमकी कोठे थांबतात, ते पाहा आणि कागदावर नकाशा काढून पुढच्या वर्गाला घेऊन या.