कुणाची गं तू?

दसरा झाला की आपल्याकडच्या बाजारपेठेत दुकानांच्या काचांवर कागद चिकटायला लागतात. 'सेल्सगर्ल पाहिजेत. पार्टटाइम चालेल. कॉलेजच्या मुलींना प्राधान्य.' खाली मोबाइल नंबर. मग चार-दोन घरांतून तरी तोच संवाद सुरू होतो. पोरगी म्हणते, "आई, जाऊ का गं? सुट्टीच आहे." आई बाबांकडे बघते, बाबा पेपरात डोकं घालतात, आणि आजी असेल तर ती जपमाळ बाजूला ठेवून म्हणते, "आता हेच राहिलं होतं!"

मैत्रिणींनो, हा संवाद मला तोंडपाठ आहे, कारण २००४ साली आमच्या कराडच्या घरात तो माझ्यावरूनच झाला होता. मी एफ.वाय.बी.कॉम.ला होते. कॉलेज सकाळचं, बारा वाजता घरी. एमएस-सीआयटी करायचं डोक्यात होतं. तो कोर्स निघून तीनेक वर्षं झाली होती आणि नोकरीच्या जाहिरातींत तो मागायलाही लागले होते. पण त्याच वर्षी भावाला डिप्लोमाला घातलेलं, त्यामुळे फीचं नाव काढायची सोय नव्हती. एका मोठ्या कापड दुकानात चार ते साडेआठ काम, महिना नऊशे रुपये. मी जाते म्हटलं.

आजीचा मुद्दा एकच. "पोरीला दुकानात उभी केल्यावर स्थळं कशी यायची?" आई गप्प. बाबा एसटीत कंडक्टर. ते म्हणाले, "मी तीस वर्षं काय करतोय? तिकीट फाडतो, लोकांची बोलणी खातो, सुट्टे पैसे नाहीत म्हणून शिव्या खातो. ते चालतं, आणि हिनं साडी दाखवली तर आभाळ कोसळतंय होय?" आणि मग ते कर्मवीर अण्णांवर आले. आमच्या तालुक्यातल्या काले गावात १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, 'कमवा आणि शिका'ची गोष्ट तर आमच्या भागात पाळण्यापासून ऐकवतात. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचं मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे शाळेत शिकवलेलं. बाबा म्हणाले, "पोरगं शेतात खपून शिकलं तर त्याचा सत्कार, आणि पोरीनं दुकानात काम केलं तर चर्चा!" आजीनं पुन्हा जपमाळ उचलली. म्हणजे परवानगी मिळाली असं धरायचं.

तुम्हाला वाटेल, साडी दाखवण्यात काय एवढं? अहो, ती विद्या आहे! आमच्याकडे एक जुने काका होते, चाळीस वर्षं त्याच दुकानात. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघू नकोस, हाताकडं बघ. तोंडानं बाई 'ठीक आहे' म्हणते, पण आवडलेल्या साडीवरून तिचा हात दोनदा फिरतो." दुसरं म्हणजे "किती रुपयांत दाखवू?" असं विचारायचं नाही. त्यानं माणूस अवघडतो. "कुणासाठी हवीय?" एवढंच विचारायचं. स्वतःसाठी, सासूसाठी, मुलीच्या सासरी द्यायला, की ओटी भरायला? त्या एका उत्तरात किंमत, रंग, काठ, सगळं कळतं. आणि कुणी म्हटलं की ट्यूबच्या उजेडात रंग कळत नाही, तर वाद न घालता साडी उचलून दारात न्यायची. काका म्हणायचे, दिवसाच्या उजेडात घेतलेली साडी सहसा परत येत नाही.

घड्या घालणं हे त्याहून मोठं काम. एक बाई येते, पस्तीस साड्या उलगडून बघते, "परत येते हं" म्हणून निघून जाते. तो ढीग कुणी आवरायचा? नायलॉनची साडी हातातून सटकते, स्टार्च केलेली सुती फुगून बसते, आणि भारी साडीची मोड होती तशीच यावी लागते. पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या बोटांची टोकं जरीनं खरखरीत झाली होती.

पण सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न किमतीचा नव्हताच. तो होता, "कुणाची गं तू?" लहान गाव म्हटलं की हे आलंच. साडीचा पदर हातात धरून बायका आधी मला निरखायच्या. "कंडक्टर साहेबांची होय? आणि इथं कशी?" त्या 'इथं कशी'त खूप काही असायचं. मी काकांकडून शिकलेलं उत्तर द्यायचे, "शिकतेय मावशी, आणि जरा कामही शिकतेय. हा रंग बघा, तुम्हाला खुलेल." बहुतेक जणी त्यावर हसायच्या. एक मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या पुतण्यासाठी आमच्याकडे कुणीतरी शब्द टाकला होता. बाई दुकानात आल्या, दोन साड्या बघितल्या, मला बघितलं आणि चार दिवसांनी निरोप आला. मुलगी बरी आहे, पण दुकानात उभी असते. आजीनं घर डोक्यावर घेतलं. आई रात्री स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं गं. साडीच्या दुकानात बाई असलेली चालत नाही, पण साडी तर हवी असते ना यांना?" माझ्या आईच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता बस्त्याबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अपुराच राहील. लग्नाचा बस्ता म्हणजे दुकानदाराचा सण आणि आमची परीक्षा. जीपमधून पंधरा-वीस माणसं उतरायची. गादीवर दोन्हीकडची मंडळी समोरासमोर, मध्ये साड्यांचा डोंगर, चहावर चहा. आधी नवरीचा शालू, मग हळदीची साडी, मग विहिणींच्या, आणि मग खरी लढाई मानपानाच्या साड्यांची. हातात यादी घेतलेली एक आत्या प्रत्येक बस्त्यात असतेच. "ती थोरली नणंद हाय, तिला दीडशातली नाही चालायची. मावससासूला दे ती." कुणाचा मान किती रुपयांचा हे असं गादीवर, सगळ्यांदेखत ठरतं. आणि आम्ही मुलींनी चेहरा कोरा ठेवून पुढची साडी उलगडायची.

एका बस्त्यात नवरी माझ्याच वयाची. कोपऱ्यात बसलेली, तिला कुणी विचारत नव्हतं. शालू हिरवाच हवा म्हणून सासरकडचे, तांबडा हवा म्हणून मामा. तिचा हात मात्र एका मोरपंखी साडीच्या काठावरून दोनदा फिरलेला मी बघितला. मी ती साडी ढिगातून काढून परत वर ठेवली. कुणीतरी बाजूला केली, मी पुन्हा वर ठेवली. तिसऱ्या वेळी तिच्या होणाऱ्या सासऱ्यांचं लक्ष गेलं. "ही काय वाईट नाय," म्हणाले. शालू शेवटी हिरवाच झाला, पण मोरपंखी साडी 'वरची' म्हणून यादीत गेली. जाताना तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. बोलली काहीच नाही.

हे सगळं मला आवडत होतं, हे खरं. न आवडणारी गोष्ट पायांत होती.

तुम्ही बघितलंय का, जुन्या दुकानांत गादी असते. गिऱ्हाईकही बसतं आणि साडी दाखवणाराही बसतो. आमच्या दुकानात बस्त्यापुरती गादी राहिली होती, बाकी सगळीकडे काउंटर आले होते. काउंटर आला की दाखवणारा उभा राहिला, आणि नेमक्या त्याच सुमारास दुकानांतून मुली दिसायला लागल्या. मी साडेचार तास उभी राहायचे. दिवाळीत आणि लग्नसराईत सकाळी दहा ते रात्री नऊ. गिऱ्हाईक नसेल तरी बसायचं नाही. "पोरी बसलेल्या दिसल्या तर दुकान झोपलेलं दिसतं," असं मालकांचं म्हणणं. माणूस तसा वाईट नव्हता, दिवाळीला साडी द्यायचा. (जादा तासांचे पैसे मात्र त्या साडीतच आले असं समजायचं!)

माझ्याबरोबर एक बाई होत्या, आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणायचो. अकरा वर्षं तिथं उभ्या. नवरा नाही, दोन मुलं. एकदा मागच्या खोलीत त्यांनी साडी जरा वर करून पोटऱ्या दाखवल्या. निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. तासन् तास एका जागी उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढायला त्रास होतो आणि शिरा फुगतात, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. अक्कांना ते कुणी सांगायची गरज नव्हती. आणि दुसरी अडचण तर कुणी मोठ्यानं बोलायचंही नाही. दुकानात बायकांसाठी संडास-बाथरूम नव्हतं. पुरुष मंडळी कुठंही जाऊन यायची. आम्ही काय करायचं? पाणीच प्यायचं नाही. दुपारी चारला घरून निघताना एक घोट, तो थेट रात्री नऊला. अक्का दिवसभर तशाच.

दिवाळी झाल्यावर आम्ही पाचजणी मालकांच्या आईकडे गेलो. दुकानाच्या वरच त्यांचं घर. अक्कांनीच बोलायचं ठरलं होतं, पण त्यांना रडू आलं, मग मी बोलले. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि कमरेच्या किल्ल्यांतली एक काढून जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवली. वरच्या मोरीची किल्ली. बसायचं प्रकरण मात्र अर्धवटच सुटलं. गिऱ्हाईक नसताना गादीच्या कडेला टेकायची परवानगी मिळाली, दारात कुणी दिसलं की उठायचं. स्टूल काही मी असेपर्यंत आलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी केरळमधल्या बायकांबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. कोझिकोडची मिठाई तेरुवू नावाची बाजारपेठ आहे. तिथल्या दुकानांतल्या मुलींची तक्रार अगदी हीच, आधी संडासाची, मग बसण्याची. पी. विजी नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं, 'पेनकूट्टू' ही बायकांची संघटना उभी केली. वर्षानुवर्षं भांडल्या त्या. आणि २०१८ साली केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायला जागा देणं सक्तीचं केलं. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच बदल केला. कारखान्यांच्या १९४८च्या कायद्यात उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असं होतंच. दुकानातल्या बाईचे पाय मात्र कुणाच्या लक्षात यायला सत्तर वर्षं लागली.

मी एकूण चौदा महिने काम केलं. एमएस-सीआयटी झालं, टी.वाय.ची फीसुद्धा त्यातूनच भरली. आता एका पतसंस्थेत काउंटरलाच असते, बसून! समोर आलेल्या माणसाच्या हाताकडे बघायची सवय मात्र सुटलेली नाही. कर्ज मागायला आलेल्या माणसाचे हातही बरंच काही बोलतात.

हल्लीच्या मुलींचं चित्र थोडं वेगळं आहे. गणवेश असतो, कॅमेरे असतात, मोबाइल आत न्यायचा नसतो. पण आया मला विचारतात तेव्हा मी 'पाठवू नका' म्हणत नाही. काय विचारून घ्यायचं ते सांगते. पगार किती हे सगळेच विचारतात, तो कोणत्या तारखेला आणि सुट्टीचे किती कापणार, हेही विचारा. सीझनला जादा तास थांबवलं तर त्याचे पैसे वेगळे का, आणि रात्री घरी सोडायचं कुणी? आपल्या राज्याचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या दुकानात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईच्या संमतीशिवाय आणि तिच्या सुरक्षेची व्यवस्था केल्याशिवाय तिला कामाला ठेवता येत नाही. कुणी त्रास दिला तर २०१३च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती हवीच. दुकान त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे मुलीला कामाच्या पहिल्या दिवसाआधी माहीत असू द्या.

आणि एक काम तुम्ही स्वतः करा. तिला पाठवायच्या आधी त्या दुकानात साडी बघायला म्हणून जा. दोन-चार साड्या काढायला लावा, दारात उजेडात नेऊन बघा. मग सहज विचारल्यासारखं विचारा, "पाणी मिळेल का गं?" पाणी कुठून येतं ते बघा, दाखवणारी पोरगी स्वतः कधी पिते ते विचारा, आणि काउंटरच्या पलीकडे वाकून तिथं एखादं स्टूल आहे का तेही बघून या.