लिथियम-गंधक विद्युतघटातील धातूंचे नॅनोकण उत्प्रेरक

लिथियम-गंधक विद्युतघट ही पुनर्भारण करता येणारी बॅटरी आहे. तिचे एक विद्युदग्र लिथियम धातूचे, तर दुसरे गंधक व कार्बन यांच्या मिश्रणाचे असते. गंधक स्वस्त असून खनिज तेलाच्या शुद्धीकरणात ते उपपदार्थ म्हणून मिळते. त्याची सैद्धांतिक क्षमता दर ग्रॅमला सुमारे १,६७५ मिलिअँपिअर-तास आहे. मात्र वारंवार वापरल्यास या घटाची क्षमता लवकर घटते. हा दोष कमी करण्यासाठी गंधकाच्या विद्युदग्रात धातूंचे नॅनोकण उत्प्रेरक म्हणून मिसळतात.

क्षमता घटण्याचे कारण

घटातून वीज घेतली जात असताना आठ अणूंच्या वलयाकार गंधक रेणूपासून टप्प्याटप्प्याने लिथियम सल्फाइड तयार होते. मधल्या टप्प्यांतील संयुगांना लिथियम पॉलिसल्फाइडे म्हणतात. त्यांपैकी लांब साखळीची संयुगे घटातील द्रवात विरघळून लिथियमच्या विद्युदग्रापर्यंत पोहोचतात व त्याच्याशी अभिक्रिया करतात. काही आखूड साखळीची होऊन परत फिरतात. या येरझारेस ‘शटल परिणाम’ म्हणतात. त्यामुळे गंधक वाया जाते, लिथियम झिजते आणि भारणाची काही वीज व्यर्थ जाते.

उत्प्रेरकाचे कार्य

२००९ मध्ये कॅनडातील लिंडा नाझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म छिद्रांच्या कार्बनमध्ये गंधक भरून ही गळती रोखण्याचा मार्ग दाखवला. परंतु कार्बनचा पृष्ठभाग अध्रुवीय असल्याने ध्रुवीय पॉलिसल्फाइडांवर त्याची पकड दुर्बल असते. उत्प्रेरक त्यांना केवळ अडवत नाही, तर त्यांचे रूपांतर जलद घडवून आणतो. धातूच्या पृष्ठभागावर गंधक अणूंमधील बंध सैल होतात व अभिक्रियेस लागणारी ऊर्जा कमी होते. पॉलिसल्फाइडे द्रवात जितका कमी काळ राहतील, तितकी गळती कमी होते. चार गंधक अणूंच्या पॉलिसल्फाइडापासून लिथियम सल्फाइड बनण्याचा टप्पा मंद असतो, पण सैद्धांतिक क्षमतेचा तीन-चतुर्थांश भाग त्यातूनच मिळतो. म्हणून उत्प्रेरकाची खरी गरज येथे असते. कण जितके लहान, तितका तेवढ्याच धातूचा पृष्ठभाग अधिक. अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ग्राफीनवरील प्लॅटिनम व निकेलच्या कणांचा असा उपयोग दाखवला. कोबाल्टचे कणही वापरले जातात.

मर्यादा

प्लॅटिनम महाग आहे. उत्प्रेरक स्वतः वीज साठवत नाही, पण घटाचे वजन वाढवतो. गंधकाशी त्याचा बंध फार घट्ट झाल्यास पृष्ठभाग सल्फाइडाने झाकला जाऊन त्याची क्रियाशीलता मंदावते. शिवाय भारणाच्या वेळी लिथियमवर सुईसारखे धातूचे कोंब वाढतात. त्यांतून आतल्या आत मंडल जुळण्याचा धोका असतो आणि गंधकाच्या बाजूचा उत्प्रेरक तो दूर करू शकत नाही. त्यामुळे लिथियमच्या विद्युदग्राचे संरक्षण हा या संशोधनाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.