पुठ्ठ्याच्या रॉकेटांचा गोतावळा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचं गाव आहे. तिथे ऑरव्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं आणि शोभेच्या दारूची त्यांना उत्तम जाण होती. त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा नाद. उड्डाणाची तत्त्वं समजावणाऱ्या व्याख्यानांसाठी रॉबर्टना खरंखुरं उडणारं एखादं रॉकेट हवं होतं. भावाच्या या गरजेतून ऑरव्हिल यांनी 1954 साली जे बनवलं, त्याचीच रचना आजही जगभरची मुलं वापरतात.

आपल्या दिवाळीतलं रॉकेट एकदाच जातं आणि त्याची काडी कोणाच्या गच्चीवर पडेल ते सांगता येत नाही. कार्लाइल यांचं रॉकेट परत यायचं. कागदी नळी, हलक्या बाल्सा लाकडाची पाती आणि मागे बसवलेली, दर उड्डाणाला बदलायची छोटी मोटर. मोटरमधली मुख्य दारू संपली की एक संथ जळणारा थर पेट घेई. तो जळत असताना रॉकेट नुसत्या वेगावर वर जात राही. मग शेवटची चिमूटभर दारू पुढच्या दिशेने उडून नाकाडाची टोपी ढकले आणि पॅराशूट बाहेर पडे. धातूचा भाग जवळपास नाहीच. 1958 मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. पण तोवर त्याहून महत्त्वाची एक गोष्ट घडून गेली होती.

न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र तळावर जी. हॅरी स्टाइन उड्डाणांच्या सुरक्षेचं काम पाहत आणि फावल्या वेळात मासिकांतून लिहीत. त्यांचे लेख वाचून मुलांची पत्रं येऊ लागली. आम्ही रॉकेट बनवतोय, ते उडत नाही, फुटतं, काय करू? जस्ताची पूड आणि गंधक लोखंडी पाइपात ठासणारी ही मुलं होती. असा पाइप फुटला की बोटं जात, डोळे जात, काही वेळा जीवही जाई. स्टाइन यांचा असाच एक लेख कार्लाइल यांच्या वाचनात आला आणि 1957 च्या सुरुवातीला त्यांनी आपली रॉकेटं स्टाइन यांच्याकडे पाठवून दिली. त्या खोक्यात मुलांच्या सगळ्या पत्रांचं उत्तर होतं. त्याच वर्षी स्टाइन यांनी एक कंपनी काढली आणि हौशी लोकांची संघटनाही उभी केली. ती पुढे ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ म्हणून ओळखली गेली. 4 ऑक्टोबरला स्पुटनिक वर गेला आणि रॉकेटवेड्या मुलांची संख्या अचानक फुगली.

कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली, संघटना मात्र टिकली. माझ्या मते याचं श्रेय नियमांना आहे. स्टाइन यांनी तळावरची शिस्तच या छंदात आणली: वातीऐवजी दूर उभं राहून विजेच्या बटणाने पेटवायचं, मोठ्याने उलटी गणती करायची, धातूचं अंग वापरायचं नाही आणि घरी दारू भरायची नाही. हे नियम पोलिसांनी लादलेले नव्हते. सभासदांनी ते स्वतःहून मान्य केले होते. म्हणून राज्याराज्यांतल्या फटाकेबंदीच्या कायद्यांपुढे त्यांना आपली बाजू मांडता आली.

घरी दारू भरायची नाही, तर तयार मोटरी आणायच्या कुठून? हा प्रश्न डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी सोडवला. 1958 मध्ये त्यांनी बनवलेलं ‘मेबल’ हे यंत्र दर साडेपाच सेकंदांना एक मोटर तयार करी. पुढे टपालाने माल पाठवणाऱ्या त्यांच्या कंपनीने ‘मॉडेल रॉकेट न्यूज’ हे पत्रक काढलं. त्यात गिऱ्हाइकांनी आखलेली रॉकेटंही छापली जात. दूरच्या खेड्यातला एकटा मुलगाही त्यामुळे गोतावळ्यात आला.

या देवाणघेवाणीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1966 सालचं काम. नासात नोकरी करणारे जेम्स बॅरोमन आणि त्यांच्या पत्नी ज्युडिथ यांनी संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात एक अहवाल मांडला. रॉकेट सरळ जायचं असेल तर त्याचा गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे हवा, निदान नळीच्या व्यासाइतका. गुरुत्वमध्य बोटावर तोलूनही सापडतो. हवेचा दाब कुठे एकवटतो ते काढणं मात्र अवघड. तोवर मुलं रॉकेटला दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवत आणि नाक पुढे राहतं का ते बघत. बॅरोमन दांपत्याने कागद-पेन्सिलीने शाळकरी मुलालाही करता येईल असं गणित दिलं. पात्यांची लांबी, रुंदी, तिरकेपणा मोजा, सूत्रात घाला, उत्तर मिळवा. व्यावसायिक ज्ञान त्यांनी हौशी मंडळींच्या हाती मोकळेपणाने ठेवलं. आजच्या संगणकी आराखड्यांच्या मुळाशीही तीच सूत्रं आहेत.

1972 मध्ये युगोस्लाव्हियातल्या व्हर्शात्स इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंची मंडळी तिथे एकाच मैदानावर उभी राहिली, हे विसरू नये.

पुढे रॉकेटं मोठी झाली, अमोनियम परक्लोरेटचं इंधन आलं. अमेरिकी सरकारच्या स्फोटक-नियंत्रण विभागाने ते स्फोटकांच्या यादीत धरलं होतं. 2000 साली ‘ट्रिपोली’ ही रॉकेट हौशींची दुसरी संघटना आणि स्टाइन यांची संघटना मिळून न्यायालयात गेल्या. किती वेगाने जळलं की त्याला स्फोटक म्हणायचं, याचं समाधानकारक उत्तर विभागाला देता आलं नाही आणि मार्च 2009 मध्ये निकाल हौशी मंडळींच्या बाजूने लागला. नऊ वर्षं हा खर्च आणि हा धीर एकट्यादुकट्याला झेपला नसता.

आपल्याकडच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. दारूच्या वाटेला मुळीच जाऊ नका. ते जिवावर बेतणारं आहे आणि परवान्याशिवाय बेकायदाही. शीतपेयाची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप एवढ्यावर पात्यांचे, तोलाचे सगळे प्रयोग होतात. मुलांना दूर उभं करा, बाटलीवर कोणाला वाकू देऊ नका, मोठ्याने उलटी गणती करा. प्रत्येक उड्डाणाची मापं वहीत उतरवा आणि ती वही शेजारच्या शाळेला वाचायला द्या.