आधीचा स्कॅन, नंतरचा स्कॅन

सीटी किंवा एमआरआयच्या यंत्रातून आकड्यांचा एक ठोकळा बाहेर पडतो. शरीराचा तपासलेला भाग बारीक घनांमध्ये चिरला आहे असे धरायचे आणि प्रत्येक घनाला एक आकडा द्यायचा, एवढीच त्याची घडण. या घनाला व्हॉक्सेल म्हणतात. छातीच्या सीटीचा एक काप सहसा ५१२ बाय ५१२ चौकोनांचा असतो. एकेक मिलिमीटरवर असे ३०० काप घेतले की ७ कोटी ८६ लाख व्हॉक्सेल होतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला, तेव्हा एका कापात ८० बाय ८०, म्हणजे अवघे ६,४०० चौकोन होते. चौकोन वाढले तरी अडचणी दोनच राहिल्या. हा ठोकळा सपाट पडद्यावर दाखवायचा कसा, ही पहिली. असे दोन ठोकळे, समजा एक मार्चमधला आणि एक दिवाळीनंतरचा, शेजारी ठेवून त्यांतला फरक सांगायचा कसा, ही दुसरी. दुसरी कितीतरी अवघड आहे, पण डोळ्यांना ती सोपी वाटते.

आधी पाहण्याचे. कोथिंबीरवडीचा वाफवलेला उंडा कापला की आतला शेंगदाणा एका कापात टिकलीएवढा, पुढच्यात मोठा, त्यापुढच्यात पुन्हा टिकलीएवढा दिसतो. एकच वडी पाहून दाण्याची लांबी कळत नाही. वड्या ओळीने पाहाव्या लागतात. रेडिओलॉजिस्ट माऊसचे चाक फिरवत काप मागेपुढे करत राहतो ते यासाठीच. सॉफ्टवेअर याच आकड्यांतून आणखी दोन दिशांचे छेद काढून देते. शरीराला आडवा तो ॲक्सिअल, समोरून पाहिल्यासारखा उभा तो कोरोनल आणि बाजूने पाहिल्यासारखा उभा तो सॅजिटल. तिन्ही खिडक्यांवर एकच फुली फिरते. एकीत गाठीवर टिचकी मारली की बाकी दोन्ही खिडक्या त्याच बिंदूवर येऊन थांबतात. मात्र ही सोय व्हॉक्सेल सगळ्या बाजूंनी सारखा असेल तरच खरी उपयोगाची. चौकोनाची बाजू ०.७ मिलिमीटर आणि कापाची जाडी ५ मिलिमीटर असेल, तर घन कसला, तो उभी वीटच होतो. अशा स्कॅनचा कोरोनल छेद पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. बरीच सॉफ्टवेअर या पायऱ्या आपणहून गुळगुळीत करून दाखवतात. चित्र सुधारते, माहिती तेवढीच राहते.

मग करड्या छटांचा प्रश्न. सीटीतल्या आकड्यांना हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, टणक हाड १०००च्या पुढेही जाते. फाइलमध्ये साधारण ४,०९६ पायऱ्या मावतात, तर साधा मॉनिटर करड्या रंगाच्या २५६ छटा दाखवतो. सगळ्या पायऱ्या त्यात कोंबल्या तर मेंदूतला करडा आणि पांढरा भाग वेगळा ओळखूच येणार नाही, कारण त्यांच्यात दहाएक आकड्यांचाच फरक असतो. म्हणून विंडो लावतात. मेंदूसाठी मध्य ४० आणि रुंदी ८० धरली की ० खालचे सारे काळे, ८० वरचे सारे पांढरे आणि सगळ्या छटा मधल्या आकड्यांच्या वाट्याला येतात. फुफ्फुसासाठी मध्य उणे ६०० आणि रुंदी १५०० असे काही लावावे लागते. एकाच छातीचा एकच काप एका विंडोत फुफ्फुसाच्या जागी नुसता काळोख दाखवतो आणि दुसरीत फांद्याफांद्यांचे झाड.

फिल्मवर ही विंडो कायमची गोठते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या ओपीडीत काखोटीला फिल्मचे भले मोठे पाकीट मारून बसलेली माणसे दिसतात. त्या पाकिटात तंत्रज्ञाने छापतेवेळी निवडलेले काप आणि निवडलेली विंडो एवढेच असते. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून काढलेला आणि व्हॉट्सॲपवरून गावाकडच्या डॉक्टरांना धाडलेला फोटो तर त्याहून एक पायरी खाली. घाईत तोही उपयोगी पडतो, पण त्यातून गाठीतला आकडा परत काढता येत नाही. सोबतची सीडी घरी धूळ खात पडते, आणि सगळे आकडे असतात ते तिच्यातच.

सगळे काप हाती असले तरी पाहण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात. छातीच्या सीटीत बारीक गाठी शोधणाऱ्या रेडिओलॉजिस्टांच्या नजरेचा माग अमेरिकेत काढला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दोन पंथ आढळले. काही जण एक काप पूर्ण न्याहाळून मग पुढे सरकत. काही जण नजर फुफ्फुसाच्या एका कोपऱ्यात रोवून काप भराभर खालीवर करत, विहीर खणावी तसे. याच संशोधकांच्या आणखी एका प्रयोगात कापांमध्ये गोरिलाचे चित्र दडवले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टांना ते दिसले नाही.

रंगीत, फिरवता येणारे त्रिमितीय चित्र नातेवाइकांना आणि परिषदांच्या मुखपृष्ठांना फार आवडते. १९८७ साली लोरेन्सन आणि क्लाइन यांनी मांडलेल्या मार्चिंग क्यूब्ज या रीतीने आकड्यांच्या ठोकळ्यातून हाडाचा पृष्ठभाग सोलून काढता येऊ लागला. मोडलेला खुबा, चेहऱ्याची हाडे, रक्तवाहिन्यांचे जाळे यांसाठी हे चित्र खरोखर कामाचे आहे. पण निदानाचे बहुतेक काम आजही करड्या कापांवरच चालते, कारण पृष्ठभाग काढायचा म्हणजे कुठला आकडा आत आणि कुठला बाहेर हे आधीच ठरवून टाकावे लागते.

आता तुलना. दोन स्कॅन शेजारी ठेवण्याआधी ठोकळ्याची कुठली बाजू शरीराच्या कुठल्या बाजूला, हे पक्के असावे लागते. इस्पितळांत डायकॉम हे मानक चालते. त्याचा पाया १९८५ साली घातला गेला आणि १९९३ पासून ते या नावाने ओळखले जाते. प्रत्येक कापासोबत चौकोनाचे माप, कापाची दिशा आणि त्याच्या कोपऱ्याची शरीरातली जागा लिहिलेली असते. मेंदूच्या संशोधनात निफ्टी नावाचा फाइलप्रकार रुळला आहे (शेअर बाजाराशी त्याचे काही नाते नाही). डायकॉममध्ये आकडे रुग्णाच्या डावीकडे आणि पाठीकडे वाढतात, निफ्टीत उजवीकडे आणि पुढे. रूपांतर करताना या दोन चिन्हांपैकी डाव्या-उजव्याचे उलटवायचे राहिले, तर मेंदू आरशातला होतो. रेडिओलॉजिस्ट रुग्णाच्या पायथ्याशी उभे राहून पाहिल्यासारखे चित्र लावतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येते. मेंदूचे अनेक संशोधक मात्र डावे ते डावे ठेवतात. मेंदू दोन्ही बाजूंनी इतका सारखा की नुसते पाहून चूक ध्यानात येत नाही. म्हणून काही प्रयोगशाळांत एमआरआय काढताना डोक्याच्या एका बाजूला ई जीवनसत्त्वाची गोळी चिकटवतात. तेलामुळे ती चित्रात ठळक उमटते आणि पुढे बाजूचा वाद उरत नाही.

बाजू ठरली तरी माणूस दुसऱ्या वेळी तंतोतंत त्याच जागी झोपत नाही. मान अंशभर वळलेली असते, उशी जरा वर असते. तेव्हा एक प्रतिमा स्थिर धरून दुसरी तिच्यावर बसवतात. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. कवटीतल्या मेंदूसाठी बहुधा सहा आकडे पुरतात, तीन सरकवण्याचे आणि तीन फिरवण्याचे. ताणणे आणि तिरके करणे धरले की बारा होतात. फुफ्फुस किंवा यकृत श्वासागणिक आकार बदलते; तिथे बिंदूबिंदूला वेगळे सरकवावे लागते आणि आकडे लाखांवर जातात. या शेवटच्या प्रकारात एक गोची आहे. सॉफ्टवेअरला पुरेशी मोकळीक दिली की ते वाढलेली गाठ दाबून जुन्या गाठीएवढी करते आणि दोन्ही स्कॅन सुरेख जुळल्याचे दाखवते. शोधायचा होता तो फरकच जुळवणीत जिरून जातो.

सीटीवर एमआरआय बसवायचा तर उजळपणा जुळवून भागत नाही. हाड एकात पांढरे, दुसऱ्यात काळे. १९९५च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये आणि बेल्जियममध्ये लूव्हेन इथे दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच तोड काढली. छटा सारख्या असण्याची गरज नाही. एका प्रतिमेतला आकडा कळल्यावर त्याच जागचा दुसऱ्यातला आकडा जितका नेमका ओळखता येईल, तितकी जुळवणी चांगली. पेट-सीटीच्या यंत्रात दोन्ही तपासण्या एकाच पलंगावर होत असल्याने हा खटाटोप बराच वाचतो, तरी पुरता नाही. सीटी काही सेकंदांत उरकते, पेटला मिनिटे लागतात. तेवढ्यात रुग्ण अनेकदा श्वास घेतो आणि यकृताच्या माथ्यावरचा ठिपका फुफ्फुसाच्या तळाशी उमटतो.

या कामाची बरीच अवजारे आज फुकट मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९९ साली पैसा पुरवून आयटीके हा प्रोग्रॅमचा संच उभा करायला घेतला. बॉस्टनमध्ये जन्मलेले थ्रीडी स्लायसर आणि अवयवांच्या कडा रंगवण्यासाठी वापरले जाणारे आयटीके-स्नॅप त्याच पायावर उभे आहेत. एक थर दुसऱ्यावर ठेवून पारदर्शकतेची पट्टी सरकवणे, बुद्धिबळाच्या पटासारखे एक घर जुन्या स्कॅनचे आणि एक नव्याचे लावणे, दोन्ही भराभर आलटूनपालटून दाखवणे, एकातून दुसरा वजा करणे, या सोयी यांत सहज सापडतात. यांतली आलटापालट साधी असली तरी सर्वांत भरवशाची. हललेली गोष्ट डोळा चटकन पकडतो. वजाबाकी बेभरवशाची, विशेषतः एमआरआयमध्ये, कारण तिथे पाण्याला ० म्हणण्यासारखी ठरलेली मोजपट्टीच नाही. त्याच यंत्रावर त्याच माणसाचे आकडे दुसऱ्या दिवशी वेगळे येऊ शकतात. शिवाय काही सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल उघडताना तिच्यातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यावरून विंडो आपोआप लावतात. दुसऱ्या स्कॅनच्या आधी शस्त्रक्रियेत धातूची क्लिप बसली असेल, तर तिचा अवाढव्य आकडा सारी पट्टी ताणतो आणि मेंदू आधीपेक्षा मलूल दिसतो, प्रत्यक्षात काही बदललेले नसतानाही. सीटीचे दोन्ही स्कॅन एकाच विंडोला बांधून ठेवणे हा अगदी साधा उपाय आहे.

प्रतिमा हलवली की नवे व्हॉक्सेल जुन्यांच्या अधेमधे पडतात आणि त्यांचे आकडे शेजाऱ्यांवरून काढावे लागतात. करड्या प्रतिमेत सरासरी चालते. रंगवलेल्या अवयवांच्या थरात ती अनर्थ करते: यकृताला २, प्लीहेला ३ आणि मूत्रपिंडाला ४ असे क्रमांक दिले असतील, तर यकृत आणि मूत्रपिंड यांच्या सीमेवर सरासरीतून ३ निघतो आणि तिथे प्लीहेची पातळ साल उगवते. अशा थरात सर्वांत जवळच्याचाच क्रमांक घ्यावा लागतो.

जुळवणी बरोबर झाली हे कशावरून? १९९७ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने एक चोख परीक्षा घेतली. शस्त्रक्रियेसाठी रुग्णांच्या कवटीत बसवलेल्या खुणांवरून खरे उत्तर आधीच काढले, मग त्या खुणा चित्रांतून पुसून ती स्पर्धकांना दिली. सगळ्यांना असे खरे उत्तर मिळत नाही. मग ऊतींचे थर एकमेकांवर किती बसले याची टक्केवारी देतात. टॉर्स्टन रोल्फिंग यांनी २०१२ साली या सवयीची खोडच मोडली. त्यांनी मुद्दाम एक निरुपयोगी पद्धत बनवली, तिला नावही तसेच दिले. व्हॉक्सेलची शरीरातली जागा न पाहता फक्त उजळपणाच्या क्रमाने ते एकमेकांशी जोडायचे, एवढीच ती पद्धत. तिला रुळलेल्या मोजमापांवर उत्तम गुण मिळाले.

शेवटी माप. कर्करोगाच्या औषधाचा गुण आला का, हे २००० साली आलेल्या आणि २००९ साली सुधारलेल्या रेसिस्ट नियमांनी ठरवतात. जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, बहुतेक गाठींचा सर्वांत लांब व्यास घ्यायचा आणि बेरीज करायची. बेरीज ३० टक्के घटली तर प्रतिसाद. २० टक्के आणि शिवाय किमान ५ मिलिमीटर वाढली तर रोग पुढे सरकला. वाढ मोजायची ती आजवरच्या सर्वांत लहान बेरजेपासून. हा बारकावा मोलाचा आहे. बेरीज ५० मिलिमीटरवरून ५४, मग ५८, मग ६३ झाली, तर प्रत्येक वेळी मागच्या स्कॅनशी ताडून पाहणाऱ्याला आठेक टक्केच फरक दिसतो. मुळाशी ताडले तर २६ टक्के. आणि व्यास २६ टक्के वाढला की गोल गाठीचे आकारमान दुप्पट होते. उलट दिशेनेही चकवा आहेच. ६ मिलिमीटरच्या गाठीचा व्यास एका चौकोनाने, ०.७ मिलिमीटरने, जास्त आखला गेला तरी आकारमान ३९ टक्क्यांनी फुगते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत फुफ्फुसातली गाठ वाढली असे म्हणायला आकारमानात निदान २५ टक्के वाढ लागे, ती अशा कारणांमुळेच.

मेंदूच्या झिजेत फरक याहून बारीक असतो. निरोगी म्हाताऱ्या माणसाचा मेंदू वर्षाला टक्क्याच्याही आत झिजतो. इथे फक्त दुसरा स्कॅन हलवून पहिल्यावर बसवला, तर हलवण्याने तो जरासा पुसट होतो, पहिला करकरीत राहतो, आणि हा पुसटपणाच झीज म्हणून मोजला जातो. म्हणून ऑक्सफर्डच्या सिएनासारखी अवजारे दोन्ही स्कॅन अर्धे अर्धे हलवून मधल्या जागेत आणतात, म्हणजे पुसट व्हायचे ते दोन्ही सारखेच होतात. सॉफ्टवेअरची आवृत्तीही बदलून चालत नाही. फ्रीसर्फर या प्रसिद्ध अवजाराच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर तीच चित्रे चालवली, तेव्हा मेंदूच्या भागांची आकारमाने सरासरी ८ टक्क्यांहून अधिक वेगळी आली, असे २०१२ साली दाखवले गेले. संगणक बदलल्यावरही आकडे थोडे हलले. त्यामुळे जुना स्कॅन जुन्या आवृत्तीवर आणि नवा नव्या आवृत्तीवर मोजला असेल, तर दोन्ही पुन्हा एकाच आवृत्तीवर मोजावे लागतात.

एकाच माणसाचा जुना स्कॅन नसला की तुलना इतरांशी होते आणि त्यासाठी नमुना मेंदू लागतो. १९८८चा तालेराक यांचा गाजलेला नकाशा एका साठीच्या बाईच्या मेंदूवरून काढलेला होता. त्यानंतर जगभर रुळला तो माँट्रियलचा १५२ जणांच्या स्कॅनचा सरासरी मेंदू. भारतीय मेंदू त्याच्यावर ताणून बसवावा लागतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ साली १०० भारतीयांच्या एमआरआयवरून आयबीए-१०० हा नमुना तयार केला. त्यात भारतीय मेंदू उंची, रुंदी आणि आकारमान या तिन्हींत सरासरीने लहान निघाला. यावरून बुद्धीविषयी काही ठरत नाही. पण स्मृतिभ्रंशाच्या संशयाने आलेल्या रुग्णाचा मेंदू माँट्रियलच्या मापाशी ताडला, तर मुळातला लहानपणा झिजेच्या खात्यात जमा होण्याची शक्यता उरते.