सात तासांची अट

आठ सप्टेंबर हा साक्षरता दिन. त्या निमित्ताने दर वर्षी पुन्हा आकडे येतात. केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ या प्रौढसाक्षरता कार्यक्रमात किती असाक्षरांची नोंदणी झाली, किती जण चाचणीला बसले, दीडशेपैकी किती गुण मिळवून किती जण उत्तीर्ण झाले. मे २०२५मध्ये गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला, तेव्हाही बोलणे झाले ते टक्क्यांचेच.

मोठ्या माणसांनी कोणी न शिकवता आपापले काय काय शिकून घेतले आहे, याची मोजदाद मात्र या आकड्यांत कुठेच नसते. ती करण्यासाठी आयुष्य घालवलेले एक प्राध्यापक टोरांटोत होऊन गेले. त्यांचे नाव अ‍ॅलन टफ. स्वयंनिर्देशित अध्ययन म्हटले की प्रौढशिक्षणाच्या वर्गात आधी माल्कम नोल्स यांचे नाव निघते आणि त्यांच्या १९७५च्या पुस्तकाचा दाखला दिला जातो. नोल्स यांनी ही कल्पना जगभर नेली हे खरेच, पण तिच्यामागचा पुरावा घरोघरी, माणसामाणसांशी बोलून गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणात टफ यांनी केले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

टफ यांचा जन्म १९३६चा, टोरांटोतलाच. डॉक्टरेटसाठी ते शिकागो विद्यापीठात गेले आणि सिरिल हूल यांचे विद्यार्थी झाले. हूल यांनी अवघ्या २२ प्रौढांच्या मुलाखतींवरून १९६१मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले होते. काही माणसे शिकतच का राहतात, हा त्यांचा प्रश्न. टफ यांनी तिथून पुढचा प्रश्न हाती घेतला. वर्गात शिक्षक जी कामे करतो, म्हणजे काय आधी घ्यायचे, कोणते पुस्तक उघडायचे, जमले की नाही हे तपासायचे, ती कामे शिक्षक नसताना कोण करते? त्यासाठी त्यांनी ४० जणांना गाठले. या कामाचे पुस्तक १९६७मध्ये आले. त्यातला एक निष्कर्ष आजही लोकांच्या ध्यानात येत नाही. या चाळिसांपैकी एकही जण एकट्याने शिकलेला नव्हता. कोणी मेहुण्याला विचारले, कोणी शेजाऱ्याला, कोणी ग्रंथपालाला. सूत्रे स्वतःच्या हाती ठेवून त्यांनी अनेकांची मदत घेतली होती.

पुढची सुमारे तीन दशके टफ टोरांटोच्या ऑन्टारिओ शिक्षणशास्त्र संस्थेत होते. तिथेच १९७०मध्ये ६६ जणांच्या मुलाखतींचे काम झाले. त्यात कारखान्यातले कामगार होते, कचेरीतले कनिष्ठ कर्मचारी होते, नुकतेच नोकरीला लागलेले प्राथमिक शिक्षक, नगरपालिकेतले राजकारणी, प्राध्यापक आणि लहान मुलांच्या आयाही होत्या.

या मुलाखतींची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. गेल्या वर्षभरात काय शिकलात, असे एकदम विचारले तर बहुतेकांना सांगण्यासारखे काही आठवतच नाही. शिकणे म्हणजे शाळा, वर्ग, परीक्षा हे डोक्यात इतके घट्ट बसलेले असते. म्हणून मुलाखत घेणारा घाई करत नसे, समोरच्याला आठवायला वेळ देई. तरीही गाडी अडली की लोक ज्या गोष्टी शिकतात त्यांची एक लांबलचक यादी त्याच्या हाती ठेवली जाई. घरदुरुस्ती, शिवण, बागकाम, मूल वाढवणे, एखादा खेळ, परकी भाषा, गाडी चालवणे. ती वाचता वाचता माणसे थबकत आणि बोलू लागत.

अर्थात, काहीही सांगितले की ते मोजले असा प्रकार नव्हता. सहा महिन्यांत किमान सात तास, म्हणजे साधारण कामाचा एक दिवस, त्या शिकण्याला दिलेला असला पाहिजे. शिवाय त्या वेळेमागचा निम्म्याहून अधिक हेतू काहीतरी शिकून ते टिकवण्याचा हवा. करमणुकीसाठी चाळलेले मासिक त्यात बसत नव्हते. इतकी कडक चाळणी लावूनही एक अपवाद वगळता प्रत्येक जण वर्षभरात असे काही ना काही शिकलेला निघाला. सर्वसाधारण माणसाचे वर्षाला असे आठ उपक्रम आणि त्यांवर सुमारे ७०० तास. त्यातले जवळपास ७० टक्के उपक्रम शिकणाऱ्याने स्वतःच आखलेले, आणि पदवी किंवा श्रेयांकांसाठी केलेले एक टक्कासुद्धा नाहीत. हे सारे १९७१च्या पुस्तकात आले. टफ त्याला हिमनग म्हणत. संस्था, अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे हा त्याचा फक्त पाण्यावर दिसणारा भाग.

आक्षेप अर्थातच आले. स्टीफन ब्रुकफिल्ड यांनी १९८४मध्ये या सगळ्या संशोधनधारेलाच धारेवर धरले. नमुने मुख्यतः मध्यमवर्गीय आहेत, तास मोजून शिकण्याचा कस कळत नाही, आणि माणूस कोणत्या समाजात, कोणाच्या दबावाखाली शिकतो याकडे दुर्लक्ष होते, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. द्वेष पसरवणारा मजकूरही माणूस मन लावून सात तास शिकू शकतो. पण मूळ निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही. टफ यांच्याच संस्थेतल्या डेव्हिड लिव्हिंगस्टोन यांनी १९९८मध्ये कॅनडाभर केलेल्या पाहणीत प्रौढांचे अनौपचारिक शिकणे आठवड्याला सरासरी १५ तास भरले.

टफ तिथे थांबले नाहीत. १९८२च्या पुस्तकासाठी झालेल्या दीडशे मुलाखतींत, तुम्ही स्वतःहून आयुष्यात कोणता मोठा बदल घडवलात, असे विचारले होते. त्यानंतर ते भविष्याच्या अभ्यासाकडे वळले आणि तिथून थेट परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांकडे. अनेकांनी इथे भुवया उंचावल्या. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत सुसंगत टप्पा वाटतो. रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे कान लावून बसल्या होत्या. टफ यांचे म्हणणे असे की, आपल्यापेक्षा फार जुनी संस्कृती असेल तर तिने पाठवलेले छोटेसे हुशार यान इथवर आधीच पोहोचलेले असू शकते, आणि ते आपले संदेश वाचतही असेल. मग त्याला सरळ बोलावून का पाहू नये? १९९६मध्ये त्यांनी इंटरनेटवर तसे जाहीर निमंत्रण ठेवले. त्याला अनेक शास्त्रज्ञांची साथ मिळाली. खोडसाळ उत्तरे आली, तीही त्यांनी तपासली. २०००मध्ये त्यांनी याच विषयावर एक ग्रंथ संपादित केला. असा संपर्क झालाच तर माणसाला त्यातून काय शिकता येईल, हा त्यांचा ध्यास होता. कारखान्यातल्या कामगाराला ते जे विचारत होते, तेच आता त्यांनी अख्ख्या मानवजातीला विचारले: अजून कोणाला विचारायचे राहिले आहे? २०१२मध्ये ते गेले, तोवर त्यांची ही उत्सुकता टिकून होती.

आता पुन्हा ‘उल्लास’कडे येऊ. त्याच्या पाच घटकांत जीवनकौशल्ये आहेत, निरंतर शिक्षणही आहे. चाचणी मात्र वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची, प्रत्येकी ५० गुणांची. ती असावीच. पण नोंदणीच्या वेळी स्वयंसेवकाने एखादा तास टफ यांच्या पद्धतीने बसायला काय हरकत आहे? गेल्या सहा महिन्यांत नवे काय जमू लागले? कुठे अडले? कुणाला विचारले? जी बाई मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकली, तिला एक ते शंभर पुन्हा गिरवायला लावण्यात महिना वाया जातो. तिचे अडते ते बँकेच्या संदेशातला मजकूर वाचताना. तिचा पहिला धडा त्या संदेशाचा असावा. आणि पैसे पाठवायला तिला ज्याने शिकवले, ती नात असो वा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, त्याचे नाव स्वयंसेवकाच्या वहीत लिहिलेले असावे, कारण वर्ग संपल्यावर काही अडले तर ती त्यालाच विचारणार आहे.